दातांचे चिलखत

मराठी भाषेने दातांना मोठा मान दिला आहे. रागावलेला माणूस दातओठ खातो, शरण आलेला दाती तृण धरतो, आणि मैदानावर भांडण जुंपले की ‘दात पाडून हातात देईन’ ही धमकी हमखास ऐकू येते. धमकी देणारा सहसा ती खरी करत नाही. पण खेळाच्या भरात, कोणाचाही तसा हेतू नसताना, दात खरोखरच पडतात. कबड्डीत पकड करताना एखाद्याचे कोपर तोंडावर बसते. खो-खोत खांबाकडे झेपावताना अंदाज चुकतो. हॉकीची काठी नको तेवढी वर येते. सायकल घसरते आणि हनुवटी रस्त्यावर आपटते. काही जणांचे दात तर कोणी न मारता झिजतात. ही माणसे रात्री झोपेत करकर दात खात असतात आणि सकाळी त्यांना त्याचा पत्ताही नसतो.

या दोन्ही संकटांवर एकच साधा उपाय निघाला आहे. दात आणि आघात यांच्यामध्ये काहीतरी घालायचे. खेळाडू जो वापरतात त्याला माउथगार्ड म्हणतात. आपण त्याला दंतरक्षक म्हणू. मूठभर वजनसुद्धा नसलेली ही वस्तू नेमके करते तरी काय, हे समजायला नववी-दहावीचे भौतिकशास्त्र पुरेसे आहे.

दात किती मजबूत?

आधी ज्याचे रक्षण करायचे तो दात पाहू. दाताच्या बाहेरच्या बाजूला एनॅमलचे कवच असते. आपल्या शरीरातला हा सर्वांत कठीण पदार्थ. वजनाने त्याचा सुमारे ९६ टक्के भाग खनिजाचा, म्हणजे कॅल्शियम आणि फॉस्फेट यांच्या स्फटिकांचा असतो. त्याच्या आत दंतिन. त्यात खनिजाचे प्रमाण सुमारे ७० टक्के असते आणि उरलेल्या भागात प्रथिनांचे तंतू व पाणी असते. सर्वांत आत मगज, म्हणजे रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू.

कठीण म्हणजे मजबूत, अशी आपली समजूत असते. ती अर्धीच खरी आहे. काच लोखंडी खिळ्याने सहज ओरखडली जात नाही, पण हातातून पडली की फुटते. मेण नखाने ओरखडते, पण पडले तर फुटत नाही. ओरखडा न पडणे हा एक गुण आणि न फुटणे हा दुसरा. एनॅमल कठीण आहे, पण ठिसूळही आहे. खालच्या, थोड्या लवचीक दंतिनाचा आधार असतो म्हणूनच रोजची भाकरी आणि चणे-फुटाणे ते सहन करते.

निसर्गाने आणखी एक सोय केली आहे. दात जबड्याच्या हाडात भिंतीतल्या खिळ्यासारखा घट्ट ठोकलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये सुमारे ०.२ मिलिमीटर जाडीचा तंतूंचा थर असतो. दात या थरात टांगलेला असतो म्हटले तरी चालेल. मोटारीच्या चाकाला स्प्रिंग असते, तसाच हा दाताचा धक्काशोषक. चावताना येणारे बल तो सहज पेलतो. दाढांवर जोर लावून चावले तर निरोगी प्रौढ माणूस साधारण ५०० ते ७०० न्यूटन बल निर्माण करू शकतो. म्हणजे ५० ते ७० किलोग्रॅमचे पोते दाढेवर ठेवल्यासारखे झाले.

मग कोपराच्या एका फटक्याने दात का तुटतो? पहिले कारण दिशा. चावताना बल दाताच्या लांबीच्या दिशेने, मुळाकडे जाते. फटका मात्र समोरून, म्हणजे आडवा येतो. वरच्या जबड्यातल्या मधल्या पटाशीच्या दाताचा दिसणारा भाग सुमारे १० मिलिमीटर लांब असतो आणि हाडातले मूळ सुमारे १३ मिलिमीटर. दाताच्या टोकावर आडवे बल लागले की तो तरफेसारखा वागतो. हाडाची कड हा टेकू आणि दिसणारा भाग ही भुजा. तरफेच्या साहाय्याने आपण धोंडा उचलतो, त्याच नियमाने दात मुळातून हलतो किंवा मध्येच मोडतो. मैदानावर सर्वांत जास्त दुखापत याच दोन दातांना होते, आणि ज्यांचे दात पुढे आलेले असतात त्यांना धोका अधिक असतो.

दुसरे कारण वेळ, आणि तेच अधिक महत्त्वाचे आहे.

एका ज्यूलचा हिशोब

शंभर ग्रॅम वस्तुमानाचे एक वजन एक मीटर उंचीवरून सोडले असे समजा. गुरुत्वत्वरण १० मीटर प्रति सेकंद वर्ग धरू. खाली पोचेपर्यंत त्याला मिळणारी गतिज ऊर्जा = ०.१ × १० × १ = १ ज्यूल. एक ज्यूल म्हणजे काही फार नव्हे. लिंबाएवढी वस्तू टेबलावर ठेवायला जेवढे कार्य करावे लागते, साधारण तेवढेच.

हे वजन थांबवायचे तर तेवढेच कार्य त्याच्याविरुद्ध करावे लागणार. कार्य म्हणजे बल गुणिले विस्थापन. समजा, वजन एका कठीण पृष्ठावर पडले आणि अर्ध्या मिलिमीटरात थांबले. तर सरासरी बल = १ ÷ ०.०००५ = २००० न्यूटन. आता त्या पृष्ठावर एक मऊ थर घातला आणि वजन थांबायला दोन मिलिमीटर मिळाले. बल = १ ÷ ०.००२ = ५०० न्यूटन.

पाहा, ऊर्जा तीच, वजन तेच. फक्त दीड मिलिमीटर जागा जास्त दिली आणि बल चौथ्या हिश्शावर आले. वेळेच्या भाषेत सांगायचे तर पहिल्या वेळी वजन सुमारे ०.२ मिलिसेकंदात थांबले आणि दुसऱ्या वेळी सुमारे ०.९ मिलिसेकंदात. संवेगातील बदल तेवढाच राहिला, पण त्याला लागलेला वेळ चौपट झाला, म्हणून बल चतुर्थांश झाले. क्रिकेटचा झेल घेताना हात मागे का घ्यायचे, याचे उत्तर न्यूटनच्या दुसऱ्या नियमातून तुम्ही परीक्षेत अनेकदा लिहिले असेल. दंतरक्षकाचे उत्तर तेच आहे. दातांना मागे सरता येत नाही, म्हणून त्यांच्या पुढे मागे सरणारी वस्तू ठेवायची.

दंतरक्षकाची चार कामे

थांबण्याचे अंतर वाढवणे हे पहिले काम झाले. दुसरे काम बल वाटून देण्याचे. कोपराचे हाड किंवा काठीचे टोक एकाच दातावर बसते. वर घट्ट बसलेला थर असेल तर त्याच फटक्याचा भार शेजारच्या दातांवरही जातो. वरच्या उदाहरणातले ५०० न्यूटन चार दातांनी समान वाटून घेतले असे धरले, तर प्रत्येकाच्या वाट्याला १२५ न्यूटन येतात. म्हणजे मूळच्या २००० न्यूटनांचा सोळावा हिस्सा! प्रत्यक्षात वाटणी इतकी समान होत नाही, पण भार कमी होण्याची तऱ्हा हीच.

तिसरे काम वरचे आणि खालचे दात एकमेकांपासून दूर ठेवण्याचे. हनुवटीवर खालून ठोसा बसला की खालचा जबडा हातोड्यासारखा वर येतो आणि दातांवर दात आदळतात. अशा वेळी समोरच्या दातांना बाहेरून काहीच लागलेले नसते, तरी दाढांचे टवके उडतात. मध्ये थर असला की हातोडा गादीवर पडतो.

चौथे काम ओठ, गाल आणि जीभ यांना आपल्याच दातांपासून वाचवणे. तोंडावर मार बसल्यावर जे रक्त येते, ते बरेचदा दातांच्या धारेने ओठ आतून कापला गेल्यामुळे येते.

गटापर्चापासून ईव्हीएपर्यंत

या वस्तूचा इतिहास मुष्टियुद्धाच्या आखाड्यात सुरू होतो. १८९० च्या सुमारास लंडनमधील वुल्फ क्राउझ नावाच्या दंतवैद्याने मुष्टियोद्ध्यांच्या वरच्या दातांवर गटापर्चाच्या पट्ट्या बसवायला सुरुवात केली. गटापर्चा हा मलाया भागातील एका झाडाचा वाळलेला चीक. गरम पाण्यात तो मऊ होतो, हवा तसा वळवता येतो आणि थंड झाला की पुन्हा कडक होतो. या गुणामुळेच त्याला एकोणिसाव्या शतकात फार भाव होता. १८५१ साली इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामध्ये समुद्राखालून जी तारायंत्राची तार टाकली, तिच्यावरचे विद्युत्-रोधक आवरण गटापर्चाचेच होते. आजही दातांच्या मुळावर उपचार केल्यानंतर पोकळी भरायला दंतवैद्य हाच पदार्थ वापरतात.

वुल्फ क्राउझचा मुलगा फिलिप यानेही दंतवैद्यकाचाच व्यवसाय केला आणि पुन्हा पुन्हा वापरता येईल असा दंतरक्षक घडवला. १९१५ साली वेल्टरवेट गटात जगज्जेता झालेला टेड ‘किड’ लुईस हा तो वापरणाऱ्या पहिल्या नामवंत योद्ध्यांपैकी एक. प्रतिस्पर्ध्यांना ही नवी वस्तू रुचली नाही. तिच्यावर हरकती घेतल्या गेल्या. पण १९२७ साली माइक मॅकटिग आणि जॅक शार्की यांच्या लढतीने लोकांचे डोळे उघडले. मॅकटिगचे पारडे जड असताना त्याच्या दाताचा टवका उडाला, त्या धारेने तोंड फाटले आणि रक्तस्रावामुळे तो लढत हरला. त्यानंतर आखाड्यात दंतरक्षकाला विरोध उरला नाही.

अमेरिकेत १९६२ साली शाळांतील फुटबॉल खेळाडूंना दंतरक्षक सक्तीचा झाला. हा आपला फुटबॉल नव्हे. चेंडू हातात घेऊन अंगावर धावून जाण्याचा तो खेळ आहे. १९७३ साली हा नियम तेथील महाविद्यालयांच्या सामन्यांनाही लागू झाला. २००७ साली अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेण्यात आला. दंतरक्षक न वापरणाऱ्या खेळाडूंना तोंडाच्या दुखापतीचा धोका वापरणाऱ्यांच्या १.६ ते १.९ पट असतो, असे त्यात दिसले.

आज बहुतेक दंतरक्षक इथिलीन व्हिनिल ॲसिटेट या प्लॅस्टिकचे असतात. थोडक्यात ईव्हीए. हे नाव अपरिचित वाटले तरी पदार्थ तुमच्या पायाखालचा आहे. हलक्या सँडलचे आणि धावण्याच्या बुटांचे तळवे याचाच फेस गोठवून करतात. इथिलीनच्या रेणूंची नुसती साखळी केली तर पॉलिथीन मिळते. त्या साखळ्या एकमेकींना चिकटून शिस्तीत बसतात, त्यामुळे पदार्थ ताठ होतो. मध्ये मध्ये व्हिनिल ॲसिटेटचे रेणू गुंफले की साखळीला बाजूने फाटे फुटतात, शिस्त मोडते आणि पदार्थ रबरासारखा मऊ होतो.

पण मऊपणा एवढा एकच गुण पाहून चालत नाही. उत्तम रबराचा चेंडू दाबला जातो आणि मिळालेली बहुतेक ऊर्जा उसळून परत देतो. दातांवर असा परतावा नको. मळलेली कणीक सर्व ऊर्जा गिळते, पण दबली ती दबली, दुसऱ्या फटक्याला तिचा उपयोग नाही. आपल्याला या दोहोंच्या मधला पदार्थ हवा. त्याने ऊर्जेचा मोठा भाग आतल्या घर्षणात उष्णता म्हणून घालवावा आणि तरी सावकाश मूळ आकाराला यावे. ईव्हीए हे काम चांगले करते.

साचा, पत्रा आणि हवेचा दाब

बाजारात तीन प्रकारचे दंतरक्षक मिळतात. पहिला तयार प्रकार. तो ठरावीक मापाचा असतो आणि दात घट्ट मिटून धरून ठेवावा लागतो. यात बोलता येत नाही, श्वासालाही अडथळा होतो. दुसरा गरम पाण्यात बुडवून मऊ करायचा आणि लगेच तोंडात घालून दातांवर दाबायचा. हा स्वस्त आणि बरा, पण एक गोष्ट सांभाळावी लागते. मऊ असताना जोरात चावले तर दातांखालचा थर दबून पातळ होतो आणि ज्यासाठी तो घेतला तेच काम बिघडते. तो कसा वापरावा याची सोबतची सूचना मोठ्यांच्या देखत नीट पाळावी. नाहीतर टाळू पोळायचा.

तिसरा प्रकार दंतवैद्य करून देतात. समुद्री शैवालापासून काढलेल्या अल्जिनेटच्या लगद्यात प्रथम दातांचा ठसा घेतात. ठशात जिप्समचा गिलावा ओतून दातांची हुबेहूब प्रतिकृती काढतात. मग ईव्हीएचा पत्रा तापवून तिच्यावर टाकतात आणि खालची हवा पंपाने ओढून घेतात. हे पाहताना असे वाटते की पंपाने पत्रा खाली खेचला. वास्तविक पंप पत्र्याला ओढत नाही. खालची हवा गेल्यावर वरच्या वातावरणाचा दाब त्याला खाली ढकलतो. वातावरणाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १० न्यूटन असतो. पत्र्याचे क्षेत्रफळ ५० चौरस सेंटिमीटर धरले, तर ५०० न्यूटन बल त्याला दातांच्या प्रत्येक फटीत बसवते. याहून चांगल्या यंत्रांत वरून दाबाखालची हवाही सोडतात.

येथेही एक गणित आहे. पत्रा ताणला गेला की त्याचे क्षेत्रफळ वाढते. घनफळ मात्र वाढत नाही. म्हणून जाडी कमी होते. क्षेत्रफळ दुप्पट झाले तर ४ मिलिमीटरचा पत्रा २ मिलिमीटर उरतो. दातांसमोरचा थर ३ ते ४ मिलिमीटर असावा असा सर्वसाधारण संकेत आहे. याहून पातळ थर बल पुरेसे कमी करत नाही आणि याहून फार जाड केला तर ओठ मिटत नाहीत, पण संरक्षण त्या मानाने वाढत नाही. त्यामुळे कसबी कारागीर दोन पत्रे एकमेकांवर चढवून पाहिजे तेथे जाडी राखतात.

रंगाचीही गंमत आहे. मुष्टियुद्धाच्या स्पर्धांत लाल दंतरक्षक चालत नाही, कारण तोंडातून रक्त आले तर पंचाला ते ओळखता आले पाहिजे. अमेरिकेतील शालेय फुटबॉलमध्ये तो पांढरा किंवा पारदर्शक चालत नाही, कारण खेळाडूने तो घातला आहे की नाही हे पंचाला लांबून दिसले पाहिजे.

करून पाहा

विज्ञान मंडळाच्या तासाला हा प्रयोग सहज होईल. लागणारे साहित्य: खडूंची एक पेटी, सारख्या जाडीची दोन पुस्तके, एक मध्यम आकाराचा लोखंडी नट, जाड कागदाची नळी, मोजपट्टी आणि जुन्या सँडलच्या तळव्याचा सुमारे ४ मिलिमीटर जाडीचा तुकडा.

दोन पुस्तकांमध्ये पाच सेंटिमीटर अंतर ठेवून त्यांवर खडूचा पूल करा. खडूच्या बरोबर मध्यावर नळी उभी धरा आणि तिच्यातून नट सोडा. उंची पाच सेंटिमीटरपासून सुरू करून दोन-दोन सेंटिमीटरने वाढवा. खडू कोणत्या उंचीला मोडतो ते लिहून ठेवा. एकदा मार खाल्लेला खडू पुन्हा वापरू नका, कारण त्याला न दिसणारी चीर गेलेली असू शकते. असे पाच वेळा करून सरासरी काढा. नंतर खडूवर तळव्याचा तुकडा ठेवून तेच करा. नटाचे वस्तुमान ठाऊक असेल तर दोन्ही वेळची ऊर्जा ज्यूलमध्ये काढता येईल. प्रयोग करताना चेहरा लांब ठेवा.

दुसरा प्रयोग गोटीचा. काचेची गोटी एक मीटर उंचीवरून फरशीवर अंथरलेल्या तळव्यावर, रबराच्या तुकड्यावर आणि कणकेच्या गोळ्यावर टाका. ती किती उंच उसळते ते पाहा. परत न मिळालेली उंची भागिले मूळ उंची, हा ऊर्जेचा गिळलेला हिस्सा. कोणता पदार्थ दंतरक्षकाला योग्य, हे आता तुम्हीच ठरवा.

झोपेतली चक्की

आता दुसऱ्या संकटाकडे वळू. ‘पोरगं झोपेत दात खातंय, म्हणजे पोटात जंत झालेत’ हे वाक्य बहुतेक घरांत ऐकू येते. जंतांचे औषध वेळेवर घेणे चांगलेच, पण दात खाण्याचे मूळ बहुधा पोटात नसते. झोपेत आपला मेंदू अधूनमधून क्षणभर जागृतीच्या जवळ येतो. हृदयाची गती किंचित वाढते आणि काही जणांत लगेच जबड्याचे स्नायू तालात आकुंचन पावू लागतात. मानसिक ताण, झोपेत श्वासाला अडथळा, चहा-कॉफीचा अतिरेक, काही औषधे यांनी हे वाढते. लहान मुलांत हे पुष्कळ आढळते आणि वयाबरोबर बहुधा आपोआप कमी होते.

दिवसभरात खाताना आणि गिळताना मिळून आपले दात एकमेकांना प्रत्यक्ष टेकतात तो वेळ अर्धा तासही भरत नाही. झोपेत दात खाणाऱ्याच्या बाबतीत या हिशोबात रात्रीचीही भर पडते. शिवाय जागेपणी खडा लागला तर जबडा झटकन थांबतो, ती सावधगिरी झोपेत मंदावते. जागेपणी मुद्दाम जोर लावून चावता येते त्याहूनही अधिक बल काहींच्या झोपेत मोजले गेले आहे. मध्ये अन्न नाही, एनॅमलवर एनॅमल घासते. जात्याच्या दोन तळ्या पिठाशिवाय फिरवल्यावर काय होईल? दगडच दगडाला खाणार. एनॅमल तयार करणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येतानाच नाहीशा झालेल्या असतात, त्यामुळे झिजलेले एनॅमल पुन्हा येत नाही.

अशा माणसाला दंतवैद्य रात्री घालायला एक आवरण करून देतात. मात्र ते बहुधा मऊ नसते, कडक आणि गुळगुळीत ॲक्रिलिकचे असते. मैदानावर मऊ आणि अंथरुणात कडक, असे उलट का? कारण संकट वेगळे आहे. मैदानावरचा आघात मोठा, पण क्षणभराचा. तेथे ऊर्जा शोषायची असते. रात्रीचे बल सावकाश आणि पुन्हा पुन्हा येते. मऊ पदार्थ काही आठवड्यांत चावून फाटतो, आणि चघळायला मिळाल्यासारखे होऊन काहींचा चाळा वाढतो. गुळगुळीत कडक पृष्ठावर दात सरकतात, घर्षण कमी होते आणि दाताला आडवे ओढणारे बल घटते.

यंत्रशाळेत पाहिले असेल, फिरणाऱ्या पोलादी दांड्याभोवती गनमेटलचा बुश बसवतात. बुश मुद्दाम दांड्यापेक्षा मऊ धातूचा असतो. झिजायचेच तर त्याने झिजावे, महागडा दांडा वाचावा. झिजला की दुसरा घालायचा. ॲक्रिलिकही एनॅमलपेक्षा मऊ असते. ते दातांचा बुश आहे. दात खाण्याची सवय ते घालवत नाही, सवयीचे नुकसान स्वतःवर घेते. वाढत्या वयात जबड्याच्या वाढीला अडथळा होऊ नये म्हणून असे आवरण मुलांना द्यायचे की नाही, हे दंतवैद्यानेच ठरवावे.

चिलखताच्या मर्यादा

आपल्या हिशोबात आघात एका ज्यूलचा होता. क्रिकेटचा १६० ग्रॅमचा चामडी चेंडू ताशी ९० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २५ मीटर वेगाने आला, तर त्याची गतिज ऊर्जा ५० ज्यूल भरते. दोन मिलिमीटरात तो थांबवायचा तर सरासरी २५,००० न्यूटन! येथे दंतरक्षकाच्या भरवशावर उभे राहणे वेडेपणा होईल. तेथे जाळीचे शिरस्त्राणच हवे. दंतरक्षक कोपर, खांदा, डोके, जमीन आणि काठीचा ओझरता फटका यांसाठी आहे.

दंतरक्षक घातला की मेंदूला इजा होत नाही, असेही कोणी सांगतात. त्यावर विसंबू नये. डोके जोराने हलले की कवटीतला मेंदू हलणारच. मात्र या संदर्भात दंतरक्षकाला अलीकडे एक नवे काम मिळाले आहे. वरचे दात कवटीला पक्के जोडलेले असतात. म्हणजे दातांवर घट्ट बसलेली वस्तू डोक्याबरोबरच हलते. म्हणून दंतरक्षकात त्वरणमापक बसवून डोक्याला किती धक्का बसला हे मोजता येते. रग्बीच्या उच्च दर्जाच्या स्पर्धांत २०२४ पासून असे दंतरक्षक वापरात आले. धक्का मर्यादेबाहेर गेला की मैदानाबाहेरच्या वैद्याला लगेच सूचना मिळते आणि तो खेळाडूला तपासणीसाठी बाहेर बोलावतो.

काळजी घ्यायची तीही पदार्थाचे गुण ओळखून. वापरल्यावर थंड पाण्याने आणि साबणाने धुवा, भोके असलेल्या डबीत ठेवा. उन्हात किंवा उभ्या मोटारीत ठेवू नका, कारण जो पदार्थ गरम पाण्यात आकार घेतो तो उष्णतेने आकार सोडतोही. दुधाचे दात पडून नवे येण्याच्या वयात तो दर हंगामाला तपासावा लागतो. सैल झाला असेल तर बदला.

दात निखळलाच तर

हा भाग शिक्षकांनी आणि प्रत्येक संघनायकाने लक्षात ठेवावा. पडलेला दात कायमचा असेल तर तो बरेचदा पुन्हा बसवता येतो. पण घड्याळ लगेच सुरू होते. मुळावर तंतूंच्या थरातील जिवंत पेशी चिकटलेल्या असतात. दात कोरडा पडला तर अर्ध्या ते एक तासात त्या मरतात.

म्हणून दात लगेच शोधा. पांढऱ्या, दिसणाऱ्या बाजूने धरा, मुळाला बोट लावू नका. माती लागली असेल तर थंड पाण्याच्या धारेखाली काही सेकंद धरा, घासू नका. खेळाडू शुद्धीवर असेल तर दात त्याच्या खाचेत अलगद बसवून रुमालावर दात मिटायला सांगा. ते जमले नाही तर दात दुधात ठेवा आणि दंतवैद्याकडे धाव घ्या. पाण्यात का नाही? परासरणामुळे. साधे पाणी पेशींतल्या द्रवापेक्षा फारच विरळ असते, त्यामुळे ते पेशींत शिरते आणि पेशी फुगून फुटतात. दुधातील विद्राव्य पदार्थांचे प्रमाण शरीरातील द्रवाच्या जवळपास असते, म्हणून पेशी तग धरतात. दूध शाळेजवळच्या कोणत्याही चहाच्या टपरीवर मिळते, पण ते थंड असले पाहिजे. दुधाचा दात मात्र पुन्हा बसवू नये. खाली तयार होत असलेल्या कायमच्या दाताला त्याने इजा होऊ शकते.

आपल्या शाळांच्या मैदानांवर दंतरक्षक क्वचितच दिसतो. गुडघ्याला पट्टा बांधणारा खेळाडू दातांचा विचार करत नाही. गुडघ्याची कातडी आठवड्यात भरून येते. तेराव्या वर्षी गेलेल्या दाताची जागा मात्र पुढची साठ वर्षे कृत्रिम दाताने भरून काढावी लागते. पुढच्या सामन्याआधी खेळाच्या शिक्षकांशी हे बोलून पाहा, आणि बोलताना तो एका ज्यूलचा हिशोब फळ्यावर मांडून दाखवा.

थोडे डोके चालवा

१. वरच्या उदाहरणात वजन थांबायला दोनऐवजी एकच मिलिमीटर मिळाला, तर सरासरी बल किती?

२. मोटारसायकलच्या शिरस्त्राणातला थर्मोकोलचा थर मोठ्या अपघातानंतर निकामी ठरतो, पण दंतरक्षक अनेक फटके खाऊनही चालतो. दोघांच्या ऊर्जा शोषण्याच्या तऱ्हेत काय फरक असेल?

३. दंतरक्षक बहुधा वरच्याच दातांवर का बसवतात? खालचा जबडा हलतो आणि वरचा हलत नाही, एवढे सूत्र धरून विचार करा.